डावी बाजू मोकळी

खानोलकर काकांविषयी लिहायला बसले की दर वेळी माझं पहिल्याच ओळीवर अडतं. माणूस चांगला होता असं लिहावं तर हात थांबतो, आणि वाईट होता असं लिहावं तर तो खोटेपणा होईल. मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. आजही नोएडाच्या गर्दीतून रोज सुखरूप जाते-येते, ती त्यांनी लावलेल्या सवयींवर. आणि आयुष्यात मला चारचौघांत खोटं पाडलं तेही त्यांनीच. तेव्हा दोन्ही सांगते.

काका दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस-बावीस वर्षं काढून नव्वदच्या दशकात ते मयूर विहारला आमच्या सोसायटीत राहायला आले. आमच्या खालचाच फ्लॅट. जन्मभर बसने आणि स्कूटरने हिंडलेल्या माणसाने पन्नाशीनंतर पांढरी छोटी गाडी घेतली. सोसायटीतली ती तिसरी गाडी. पुढे चार-पाच वर्षांत तिथे गाड्या लावण्यावरून मारामाऱ्या व्हायची वेळ आली, पण तेव्हा तीन गाड्या तीन झाडांखाली आरामात उभ्या असायच्या.

सकाळी सव्वाआठला काका खाली उतरत. हातात जुन्या बनियनचा तुकडा. आधी पुढची काच, मग मागची, मग दिवे. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. चारही चाकांना बुटाच्या टोकाने हलकेच ठोकायचं, वाकून खाली कुत्र्याचं पिल्लू झोपलंय का ते पाहायचं. नलूकाकू बाल्कनीतून म्हणायच्या, "अहो, प्रदक्षिणा झाली असेल तर निघा आता, मंजू केव्हाची उभी आहे." काका वर न बघता म्हणत, "प्रदक्षिणा देवाला घालतात. ही तपासणी आहे."

मंजू म्हणजे मी. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आलेली, कनॉट प्लेसमध्ये एका खाजगी कंपनीत नोकरीला लागलेली. माझा नवरा अविनाश नोएडातल्या कारखान्याच्या बसने उलट्या दिशेला जायचा. मला मात्र दिल्लीच्या बसमध्ये चढायचं म्हणजे रोज युद्ध. काकांनी ते पाहिलं आणि एक दिवस जिन्यात म्हणाले, "उद्यापासून आमच्याबरोबर चल. पेट्रोल वाटून घेऊ." गाडीत मागे दोघं आधीच होते. सोलापूरचे शेखसाहेब, ते एका सरकारी ग्रंथालयात होते. आणि शाळेत शिकवणाऱ्या बर्वेबाई. शेखसाहेब वर्तमानपत्र वाचत, बर्वेबाई वह्या तपासत. पुढची डावी जागा रिकामी होती, आणि ती रिकामी का होती हे मला तिसऱ्या दिवशी समजलं.

त्या काळी साध्या गाड्यांना उजवीकडेच आरसा असायचा. डावीकडे नुसता पत्रा. काकांनी पदरच्या पैशाने डावा आरसा दोनदा बसवून घेतला होता. पहिला एका बसने जाता जाता नेला, दुसरा खालून चोरीला गेला. त्यात काकांची मान डावीकडे वळायची नाही. मणक्याचं दुखणं होतं, हिवाळ्यात तर गळ्याला पट्टाच. मग त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पुढे डावीकडे जो बसेल, तो त्यांचा डावा आरसा. वळायच्या आधी काका विचारणार, "डावी?" आणि त्याने खिडकीतून मागे बघून सांगायचं, "मोकळी." किंवा "थांबा." आणि थांबा म्हटलं तर काय आहे तेही सांगायचं: "थांबा, स्कूटर आहे." "थांबा, म्हैस आहे." माझ्या आधीचे गृहस्थ पुलावर झोपी जायचे, म्हणून त्यांची मागेही नाही, थेट बसमध्ये रवानगी झाली होती.

"आरसा चोरीला जातो," काका म्हणत, "माणूस कोणी चोरत नाही."

मला त्या जागेचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते. ऑफिसात मला कुणी एक पत्र स्वतःच्या जबाबदारीवर पाठवू देत नव्हतं. इथे एक वयस्क, शिस्तीचा, कुणावर सहजी विश्वास न टाकणारा माणूस माझ्या एका शब्दावर चार जणांचा जीव सोपवून वळायचा. चार वर्षं मी त्यांची डावी बाजू सांभाळली. एकदाही चुकले नाही.

त्यांच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. "हॉर्न म्हणजे प्रश्न आहे. 'मी आलोय, दिसलो का?' एवढंच विचारायचं. शिव्या द्यायला तोंड आहे." पण तोंडानेही ते शिव्या देत नसत. कुणी आडवा घुसला तर नुसतं म्हणत, "अच्छा! यांना पहिलं बोलावलंय वाटतं." चारी रस्ते मोकळे असले तरी लाल दिव्याला गाडी उभी. मागून लोक ओरडत, "अंकल, सो गए क्या?" काका हात जोडून आरशातून त्यांना नमस्कार करायचे आणि दिवा हिरवा झाल्यावरच हलायचे. एकदा आम्ही तसे उभे असताना बर्वेबाईंनी सगळी सहावी ब तपासून संपवली.

मला त्यांनी गाडी शिकवली ती रविवारी सकाळी, नोएडात. तेव्हा तिथल्या कितीतरी सेक्टरांत रस्ते होते, दिव्याचे खांब होते, आकडे लिहिलेल्या पाट्या होत्या, घरं तेवढी नव्हती. आखीव चौकांत गुरं बसलेली. त्या ओसाड चौकात काका मला थांबायला लावायचे. मी म्हणायची, "काका, इथे कोणीच नाहीये." ते म्हणायचे, "आज नाहीये. दहा वर्षांनी इथे मुंगीला वाट मिळणार नाही. पायाला आत्ताच सवय लाव." मी थांबायची, उजवीकडे बघायची, डावीकडे बघायची. "मान वळव," ते म्हणत. "आरसा नंतर आला, मान आधी आली. माझी गेलीय, म्हणून तुला विचारतो. तुझी शाबूत आहे ना?"

मी विचारलं होतं, गाडी कुणाला लागलीच तर? त्यावर ते गंभीर झाले. "लागली तर थांबायचं. उतरायचं. माणसाला उचलायचं. आणि झालं ते जसंच्या तसं सांगायचं. जो पळतो तो ड्रायव्हर नाही." त्या रिकाम्या रस्त्यावर, हात मागे बांधून उभे राहून त्यांनी हे सांगितलं. मला ते शब्द पाठ आहेत, म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

माझं लायसन्स हातात आलं त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. जुलैचा चिकट उकाडा. आमच्या भागातून निघालं की नोएडा मोड नावाच्या चौकात डावीकडे वळायचं आणि यमुनेचा पूल धरायचा, हा रोजचा रस्ता. सरळ जाणारी सायकलींची रांग तिथे कायम डाव्या अंगाला असायची. नोएडाकडून येऊन शकरपूर, लक्ष्मीनगरला कामाला जाणारी माणसं. त्या दिवशी मागे एक नवी लांबलचक गाडी लागली होती. तसल्या परदेशी ढंगाच्या गाड्या तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, आणि आपल्यासमोर छोट्या गाडीने हळू चालावं हे त्यांच्या मालकांना सहन होत नसे. तो सारखा हॉर्न देत होता, दिवे मारत होता. काका नेहमीप्रमाणे नमस्कार करतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पैसा आला, अक्कल यायचीय," ते पुटपुटले. असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"डावी?" त्यांनी विचारलं.

मी मागे पाहिलं. निळा शर्ट, हँडलला डबा, जोरात पायडल मारत येणारा माणूस. मी म्हटलं, "काका, थांबा. सायकल आहे."

आणि ते वळले.

आवाज फार मोठा नव्हता. सायकल पडल्याचा, डबा घरंगळल्याचा. काका लगेच थांबले, उतरले, धावत गेले. त्या माणसाचं डावं मनगट विचित्र वळलं होतं. काकांनी त्याला आपल्या रुमालाने हात बांधून दिला, पाणी पाजलं, सावलीला नेलं. शिकवल्याप्रमाणे सगळं. मी डबा गोळा केला. त्यातली भेंडी रस्त्यावर सांडली होती.

मग वाहतूक पोलीस आला. "गाडी कौन चला रहा था?"

"मैं," काका म्हणाले. आणि क्षणभर थांबून म्हणाले, "लेकिन बायीं तरफ देखना मैडम का काम है। इन्होंने बोला, साइड क्लियर है।"

पोलीस हसला. "देखना मैडम का काम है? तो आपका क्या काम है, अंकल?"

तो हसला, पण त्या खाली बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं, याचं उत्तर मी वर्षानुवर्षं शोधलंय. आपल्या घरच्या मोठ्या माणसाला परक्यांसमोर, तेही पोलिसासमोर, खोटं म्हणायचं नाही, हे इतकं आत मुरलं होतं की जीभ हललीच नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली. घाबरलेत, मला वाटलं. त्यांची बढती तोंडावर होती, निवृत्ती दोन वर्षांवर होती. घरी गेल्यावर ते स्वतःच सांगतील, "मंजू, तोंडून गेलं गं." मी मनातल्या मनात "असू दे काका" म्हणूनही ठेवलं होतं.

इस्पितळात त्या माणसाची बायको आली. तो छापखान्यात पुस्तकं बांधायचा, मनगट मोडलं होतं. ती काकांना काही बोलली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "दीदी, देख तो लेतीं।" रागावून नाही, अगदी थकलेल्या आवाजात. मी मान खाली घातली. काका शेजारीच उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानाकडे गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. जेवणाची पानं मांडलेली. त्यांचा मुलगा निखिल विचारत होता, "मनगट म्हणजे काय गं आई?" दिल्लीतच जन्मलेला तो. नलूकाकू म्हणाल्या, "कलाई रे." मी दारातूनच म्हटलं, "काका, मी थांबा म्हटलं होतं."

काका शांतपणे खुर्चीवरून उठले. आवाजात इतकी माया होती की त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तू मोकळी म्हणालीस, बेटा. घाबरलं की माणसाला नंतर आठवत नाही. होतं असं. मी काही बोललोय का तुला?"

हॉर्नच्या गोंगाटात ऐकू आलं नाही, एवढंच ते म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती. नलूकाकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पोळीवर तूप लावत होत्या, लावलेल्याच पोळीवर पुन्हा.

शेखसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, मी पेपरात होतो. खुदा जाणे." बर्वेबाई म्हणाल्या, "माझं वह्यांत लक्ष होतं गं. तो हॉर्न इतका वाजत होता." अविनाशने माझी बाजू घेतली खरी, पण दोन दिवसांनी तोही म्हणाला, "तू कधी कधी हरवतेस ना यार खिडकीत बघताना. बघ, झालं असेल." मी रात्रंदिवस तो क्षण आठवत राहिले. निळा शर्ट आठवायचा, डबा आठवायचा. मग स्वतःचा आवाज आठवायला जायची, तर कधी "थांबा" ऐकू यायचं आणि कधी, देवाशपथ, "मोकळी" ऐकू यायचं. काकांनी माझी अब्रू घेतली ते मी एक वेळ विसरले असते. माझ्या डोळ्यांवरचा माझा विश्वास त्यांनी नेला, त्याचा राग मला आजही येतो.

दर गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात काकांचं एक भाषण ठरलेलं असे, सुरक्षित वाहन चालवण्यावर. लोक आवडीने ऐकत. त्या वर्षी मला जायचं नव्हतं, पण गेलं नाही तर लोक काय ते समजतील, म्हणून गेले. तिसऱ्या रांगेत बसले. हॉर्नचं झालं, लाल दिव्याचं झालं, नेहमीचे हशे झाले. मग काका म्हणाले, "आणि चालवणाऱ्याइतकीच शेजारी बसणाऱ्याची जबाबदारी असते. त्याचं क्षणभर दुर्लक्ष झालं, तर एखाद्या गरिबाचा हात जातो." नाव घेतलं नाही. पण त्या मांडवात माझ्याकडे वळली नाही अशी एकही मान नव्हती, काकांची सोडून. त्यांची डावीकडे वळायचीच नाही, आणि मी डावीकडे बसले होते. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. अविनाशने टाळी वाजवली नाही, एवढं त्याचं मला अजून आठवतं.

त्यानंतरच्या रविवारी मी बाल्कनीतून पाहिलं. काका खाली वाकून गाडीला डावा आरसा बसवत होते. पेचकस घेऊन स्वतः. चांगला घट्ट आवळला, हलवून पाहिला. चोरीची, बसची भीती आता वाटत नव्हती वाटतं. मी बसने जायला लागले होते. पुढची डावी जागा त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही.

लायसन्स कपाटात पडून राहिलं, सात वर्षं. मला "डावी?" असं कुणी विचारलं नसतानाही प्रत्येक चौकात माझी मान मागे वळायची. मग माझी कंपनी नोएडाला गेली, आम्हीही तिकडे फ्लॅट घेतला आणि गाडीवाचून अडायला लागलं. मी एकटीने, रविवारी सकाळी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण काकांनी सांगितलेलं खरं झालं होतं, त्या सेक्टरांत आता मुंगीला वाट नव्हती. मी चौकात थांबायची, उजवीकडे बघायची, मान वळवून डावीकडे बघायची, आणि बघितलेलं स्वतःलाच मोठ्याने सांगायची. मागच्या गाड्या बोंब मारायच्या. मी नमस्कार करायची. शिकवलेलं कुठे जातं!

नलूकाकूंचा फोन आला तो बऱ्याच वर्षांनी. तेही तोवर निखिलकडे नोएडात राहायला आले होते. निखिल बाहेरगावी होता, टॅक्सी येईना, काकांच्या डोळ्यांची तपासणी होती. "तुला विचारायला तोंड नाही गं," काकू म्हणाल्या. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी या विषयावर काढलेला हा एकुलता एक शब्द. मी गेले.

काका काठी टेकत आले. खूप वाळले होते. गाडीत बसण्याआधी थांबले आणि माझ्या गाडीभोवती पूर्ण फेरी घातली. काठीच्या टोकाने चारही चाकं ठोकली. मग पुढे, डावीकडे बसले. काकू मागे. पट्टा मी लावून दिला. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले, पण मी कोण हे त्यांना नक्की कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. काकू म्हणाल्या होत्या, कधी सगळं आठवतं, कधी काहीच नाही.

इस्पितळाच्या आधीच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. दिवा हिरवा झाला. मी इशारा दिला, वेग कमी केला. डाव्या आरशात पाहणार, एवढ्यात काका समोर बघत, घाईने, जवळजवळ बाईमाणसाच्या आवाजात म्हणाले:

"काका, थांबा. सायकल आहे."

माझा पाय ब्रेकवर गेला. आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं. कुणी नव्हतं. मोकळा रस्ता, त्यावर ऊन.

"अहो, कोण काका?" मागून काकू म्हणाल्या. "तुम्हीच काका."

माझे शब्द होते ते. तेच, त्याच क्रमाने. मलाही ज्यांची खात्री उरली नव्हती ते त्यांनी इतकी वर्षं जसेच्या तसे जपून ठेवले होते. ऐकलं होतं त्यांनी. वळण्याआधी ऐकलं होतं, पोलिसासमोर ते त्यांना माहीत होतं, पानावर बसताना, मांडवात माइकसमोर, आरसा आवळताना. मागे हॉर्न सुरू झाले. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. काकूंच्या देखत.

"काका," मी म्हटलं, "काय म्हणालात? पुन्हा सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मात्र त्यांनी मला ओळखलं, याबद्दल मला शंका नाही. डोळे एकदम सावध झाले. मग त्यांनी तोंड समोर वळवलं, काठी दोन्ही हातांत धरली.

"मोकळी आहे," ते म्हणाले. "जा."

मी पुन्हा एकदा मान वळवून, स्वतः पाहिलं. आणि मग वळले.